तुराटीच्या अकरा काड्या

आमच्या घरात सगळ्यांत उशिरा उठणारी मी. मायचं सडासारवण व्हायचं, चूल पेटायची, चहा उकळायचा, ती भाकरीचं पीठ मळायला बसायची, आणि मग कुठं तिसऱ्या-चौथ्या हाकेला मी गोधडीतून तोंड बाहेर काढायची. एकुलती एक पोर, त्यातून बाबाची लाडकी, असं मी धरून चालले होते. त्यामुळं मला कुणी फारसं दटावतही नसे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यातला अर्धा दोष माझ्या झोपेचा आहे आणि उरलेला अर्धा माझ्या जळकेपणाचा. झोप आता वयाबरोबर गेली. पहाटे चारलाच डोळे टक्क उघडतात. जळकेपणाचं मात्र तसं नाही, तो अजून दात शाबूत ठेवून आहे.

घाटंजीपासून बैलबंडीनं तासाभराच्या वाटेवर आमचं गाव. घर साधं, टिनाचं. पुढं सपरी म्हणजे ओसरी, मागं बैलांचा गोठा, आणि गोठ्याला लागून तुराट्या-पऱ्हाट्यांचा ढीग. तूर निघाली की तिची वाळकी खोडं म्हणजे तुराट्या आणि कापूस निघाला की पऱ्हाट्या. वर्षभर चूल त्यांच्यावरच चाले. हिवाळ्यात घरभर कापूस असे. सपरीत कापूस, माजघरात कापूस, माझ्या उशाशी कापूस. मायच्या केसांतसुद्धा एखादा पुंजका अडकलेला असायचा. सकाळी बैलांच्या गळ्यातल्या घंट्या, मायची फुंकणी आणि बाबाचा खोकला, या तीन आवाजांनी मी जागी व्हायची आणि पुन्हा झोपायची. बाबाचा खोकला गोठ्याकडून वावराकडे जाताना हळूहळू बारीक होत जाई. तो एवढ्या अंधारात वावरात काय करायला जातो हा प्रश्न मला पंधरा वर्षांत पडला नव्हता.

गावाच्या उगवतीला आमचं जे वावर होतं त्याला गोटाळी म्हणत. मधोमध काळ्या गोट्यांचं एक मोठं रिंगण होतं. कुणीतरी मुद्दाम आणून गोल मांडल्यासारखे छातीएवढाले दगड, काही उभे, काही आडवे झालेले. आमच्याकडे जे कुणी केलं हे कळत नाही, ते पांडवांनी केलं असं म्हणायची रीत आहे. त्यामुळं हे पांडवांचे गोटे. रिंगणाच्या आत कुणी नांगर घालत नसे. त्यांतले दोनच गोटे या गोष्टीत लागतात, तेवढे लक्षात ठेवा. मावळतीच्या बाजूचा बुटका, पाटासारखा सपाट, पाठीला टेका असलेला, तो बसका गोटा. आणि त्याच्या समोर, उगवतीकडे पण जरा दक्षिणेला ओढून असलेला, एका अंगाला झुकलेला, तो कलता गोटा. दोघांच्या मधे पंधराएक पावलं.

संक्रांतीच्या सकाळी बसक्या गोट्याला शेंदूर लावून नारळ फोडायचा मान आमच्या घराचा होता. आज्यानं फोडला, मग बाबा फोडत आला. बाबाला मुलगा नव्हता. बाजाराच्या वाटेवर बाया मायला खोचून विचारत, "तुमच्या मागं गोट्याचा नारळ कोन फोडन वं?" माय ताठ मानेनं म्हणे, "आमची शकी फोडन." बाबा नुसतं "पाहू" म्हणायचा. ते "पाहू" मी "हो" असंच ऐकत होते. गावातल्या कुठल्याच पोरीला नव्हता असा मान मला मिळणार होता, आणि मी शाळेत मैत्रिणींना ते आधीच सांगून मोकळी झाले होते.

त्या दिवाळीत विजू आली. विजू म्हणजे माझ्या आत्याची मुलगी. आत्याचे यजमान यवतमाळला कचेरीत होते, त्यांची बदली लांब झाली, बिऱ्हाड लागेस्तोवर पोरीचं दहावीचं वर्ष बुडू नये म्हणून तिला आमच्याकडे ठेवलं. मीही दहावीतच. दोघींनी सोबत एसटीनं घाटंजीच्या शाळेत जायचं, असं ठरलं. बारीक अंगाची, दोन वेण्या घट्ट घातलेली, "मला" आणि "तुला" असं पुस्तकी बोलणारी पोर. पहिल्या दिवशी माझी छाती जरा फुगलीच होती, कारण तिला विहिरीतून पाणी शेंदता येत नव्हतं, भाकर थापता येत नव्हती आणि गोठ्यातल्या बैलाला ती घाबरत होती. मी तिला सगळं दाखवत फिरले. कपाटातला खालचा कप्पा रिकामा करून दिला. मी अगदीच वाईट नव्हते हे कळावं म्हणून सांगते.

नव्या जागी तिला झोप लागेना. चौथ्या-पाचव्या दिवशी बाबा पहाटे निघाला तेव्हा ती सपरीत बसलेली होती. "येतं का बेटा?" बाबा म्हणाला असेल. ती गेली. मी उठले तोवर दोघं परत येऊन चुलीपाशी चहा पीत होते, आणि बाबाची घोंगडी तिच्या खांद्यावर होती. त्या घोंगडीला बाबाच्या बिडीचा आणि बैलांचा वास यायचा. लहानपणी मी तिच्यात गुरफटून झोपायची. घोंगडी तिच्या अंगावर पाहिली आणि मी माझा चहा घेऊन सपरीत जाऊन बसले. नंतर रोजच तसं व्हायला लागलं. मी तोंड धुवेपर्यंत त्या दोघांचं काहीतरी एक बोलणं आधीच होऊन गेलेलं असे, आणि चुलीपाशी त्याचं नुसतं शेपूट माझ्या कानावर पडे. "आज चार बोटं सरकला, मामा." "थंडी वाढली का अजून सरकते." काय सरकलं, कोण सरकलं, मला पत्ता नाही. विचारायची सोय नाही, कारण विचारलं की कळणार होतं की मला माहीत नाही.

शेवटी मायकडूनच कळलं. बाबा वर्षानुवर्षं पहाटे बसक्या गोट्यावर बसून सूर्य कुठून निघतो ते पाहत होता. दिवाळीपासून सूर्य रोज थोडा थोडा दक्षिणेला सरकतो, कलत्या गोट्याच्या खांद्यापर्यंत येतो, तिथं थांबतो, त्याच्या पलीकडे कधी म्हणजे कधी जात नाही, आणि मग परत फिरतो. सूर्य गोट्याला लागला की तूर सोंगायची, म्हणजे कापायची, तयारी करायची, हे बाबाला त्याच्या बापानं दाखवलं होतं. आणि बाबानं ते विजूला दाखवलं. आठ दिवस झाले नव्हते तिला येऊन!

मी तडक गोठ्यात गेले. बाबा बैलांपुढं कडबा टाकत होता. म्हटलं, "बाबा, मले काहून नाही दाखवलं कधी?"

बाबानं वळूनही पाहिलं नाही. "तू कधी उठली?" म्हणाला.

त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. जे होतं ते बोलला. त्यामुळंच ते इतकं लागलं. मी पंधरा वर्षं त्याच्या घरात झोपले होते म्हणून मला काही मिळालं नाही, आणि ही एक रात्र जागी राहिली म्हणून हिला सगळं मिळालं. दुसऱ्या दिवसापासून मीही उठायला लागले. डोळे चोळत त्या दोघांच्या मागं मागं वावरात जायची. पण बसक्या गोट्यावर दोघांनाच जागा होती, आणि तिथं बाबाच्या शेजारी बसायचं आता विजूचं ठरून गेलं होतं. "ये ना शकू, बस," म्हणून ती सरकायचीही. मी म्हणायची, "मले नाई बसायचं, गोटा गार लागते."

विजूचं डोकं आमच्यासारखं नव्हतं. बाबा नुसतं पाहायचा. तिला खूण लागायची. तिनं बसक्या गोट्याच्या टेक्यावर शेंदराचा एक ठिपका लावला, डोकं रोज तिथंच टेकवायचं म्हणजे नजर हलत नाही. मग ढिगातून तुराट्या निवडल्या, ढोपराएवढ्या सारख्या लांबीच्या. दर बाजाराच्या दिवशी सकाळी बाबा गोट्यावर बसे, सूर्याची कड दिसली की "जरा इकडं, अजून, हां" असं म्हणत हात हलवे, आणि ती कलत्या गोट्याच्या ओळीत पळत जाऊन त्याच्या नजरेसमोर एक तुराटी काळ्या मातीत खुपसे. एका बाजाराला एक काडी. पहिल्या काड्या एकमेकींपासून हात हात लांब पडल्या, मग जवळ जवळ यायला लागल्या. घरी आल्यावर बाबा मायला सांगे, "पोरगी लय हुशार हाय. माह्या बापाच्या बी ध्यानात नसतं आलं." सोले-वांग्याची भाजी झाली की बाबा आपल्या ताटातले तुरीचे कोवळे दाणे तिच्या ताटात वाढे, आणि मी मान खाली घालून भाकर कुस्करत बसे. तो तिला "विजू बेटा" म्हणायचा आणि मला "ए शके". जेवताना तो कुणाचं नाव किती वेळा घेतो हे मी बोटांवर मोजायला लागले होते. सगळ्यात कहर म्हणजे डिसेंबर येईतो ती आमच्यासारखी बोलायला लागली. "मामा, सूर्य थांबून राह्यला न." आमची बोलीसुद्धा तिनं कपाटातल्या कप्प्यासारखी घेऊन टाकली.

एका संध्याकाळी सपरीत महादेवबुवा चहाला बसले होते. बुवा म्हणजे गावात पंचांग ज्यांच्या घरी असे ते. पेरणीपासून बारशापर्यंत मुहूर्त त्यांच्याकडूनच. विजू आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मामा, सूर्य तीन बाजार गोट्यापाशीच होता. या बाजारी काडी वापस उत्तरेकडं पडली. सूर्य फिरला."

बुवांच्या मिशीला चहा लागला. "संक्रांत दहा-बारा दिवसांवर हाय न वं पोरी. संक्रांतीच्या आंधी कसा फिरन? सूर्याले घाई झाली काय?"

"भूगोलाच्या पुस्तकात बावीस डिसेंबर लिहिलंय," विजू म्हणाली.

"ते पुस्तकातलं तिकडचं, दिल्ली-मुंबईचं. आपल्या इकडं संक्रांतीलेच फिरते."

हसू नका. मीही तेच पुस्तक शिकत होते, बावीस डिसेंबर मला पाठ होतं, परीक्षेत दोन मार्कांना यायचं. पण पुस्तकातला सूर्य वेगळा आणि आमच्या गोटाळीवर उगवणारा वेगळा असं सगळं गावच धरून चालत होतं, मास्तरांसकट. मास्तर शाळेत बावीस डिसेंबर शिकवत आणि घरी संक्रांतीला सूर्य फिरला म्हणून तिळाचे लाडू खात. दोन्ही एकाच सूर्याबद्दल आहे हे पहिल्यांदा म्हणणारी विजू होती.

बाबानं हातातली बिडी विझवली. मग म्हणाला, "काड्या गाडलेल्या हायेत, बुवा. संक्रांतीच्या सकायी या. सूर्य गोट्यापाशीच्या काड्यायच्या अलीकडं निंगाला तं पोरगी खरी, पलीकडं निंगाला तं तुम्ही खरे. आन पोरगी खरी निंगाली तं अवंदाचा गोट्याचा नारळ विजू फोडन."

माय पोळपाट तसाच धरून दारात उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी उठले आणि पाण्याची घागर घेऊन विहिरीवर गेले. घागर भरलेलीच होती.

त्या दहा दिवसांत मी काय काय मागितलं देवाकडे ते लिहायची लाज वाटते. ढग येऊ दे. विजूला ताप येऊ दे. आत्याचं पत्र येऊ दे. काहीच आलं नाही. मी मात्र रोज पहाटे त्यांच्या मागं जात होते, आणि विजू खरी आहे हे माझ्या डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं. सूर्य कलत्या गोट्यापासून सुटून हातभर उत्तरेला आला होता. ती चुकली असती तर मी तिला माफ केलं असतं, अगदी मनापासून. तिचं खरं असणंच मला सहन होत नव्हतं.

भोगीच्या दिवशी विजू शाळेत गेली आणि मी पोट दुखतं म्हणून राहिले, मग कापूस वेचणीला गोटाळीत गेले. दुपारी बाया बाभळीखाली भाकरी सोडून बसल्या. भोगीची म्हणून सगळ्यांच्या फडक्यात तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी होत्या, कुणाकडे वांग्या-गाजराची भाजी, हसणं-खिदळणं चाललेलं. मी पाणी आणते म्हणून उठले आणि तुरीच्या आडून रिंगणात शिरले. अकरा काड्या उभ्या होत्या. सूर्य त्या सकाळी जिथून निघाला ती जागा माझ्या डोळ्यांत होती. तिच्या दक्षिणेला, कलत्या गोट्याच्या बाजूनं, पाच काड्या होत्या. तीन अगदी गोट्याला खेटून, दोन जरा अलीकडे. त्या पाचही मी उपटल्या आणि उत्तरेकडे, पहिल्या काड्यांच्या मधल्या मोकळ्या जागांत नेऊन खुपसल्या. आता उद्याचा सूर्य सगळ्या काड्यांच्या पलीकडे उगवणार होता, म्हणजे तो अजून दक्षिणेला चालतोच आहे, फिरलेला नाही, असं कुणीही म्हटलं असतं. काड्या अकराच्या अकरा. जुन्या भोकांत मी चिमूट चिमूट माती घातली, हात परकराला पुसले आणि जाऊन भाकर खाल्ली. चांगली दीड भाकर खाल्ली. एवढं सगळं करायला शेंगा सोलण्याइतकाही वेळ लागला नव्हता.

संक्रांतीच्या पहाटे गोटाळीत पंधरा-वीस माणसं जमली. बुवा कानटोपी घालून आले होते. थोडी धुई होती, पण उगवतीला आभाळ मोकळं होतं. बाबानं बुवांनाच बसक्या गोट्यावर बसवलं आणि ठिपक्याला डोकं टेकवायला सांगितलं. विजू बाजूला उभी, हातात नारळाची थाळी. मायनं तिला आपलं हिरवं लुगडं नेसवलं होतं, ते तिला दोन वेढे जास्त झालं होतं. मग लाल कड वर आली.

"अरे!" बुवा ओरडले. "सूर्य तं काड्यायच्या पार पलीकडं निंगाला! एक बी काडी तिकडं नाई. ह्या पाहा, आठ, नऊ, दहा, अकरा. पुऱ्या हायेत."

लोक हसायला लागले. एकेक जण गोट्यावर बसून पाहून येऊ लागला. विजू थाळी ठेवून काड्यांकडे पळाली, वाकली, आणि उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मामा, माझ्या काड्या हलवल्या कोणीतरी."

"नाचता येईना, अंगन वाकडं," मागून कुणी तरी म्हणालं, आणि हशा अजून वाढला.

बाबा सावकाश चालत कलत्या गोट्यापाशी गेला. उकिडवा बसला. बाबा जन्मभर जमीन वाचत आलेला माणूस. डुक्कर कुठून शिरलं, हरिण कुठं बसलं, हे तो सकाळच्या मातीवरून सांगायचा. वरची माती थंडीनं पांढुरकी पडलेली असते आणि उकरलेली काळी दिसते, हे मला आदल्या दुपारी सुचलं नव्हतं. पाच काळे ठिपके होते. आणि त्यांच्या बाजूला अनवाणी पावलं. माझ्या उजव्या पायाची करंगळी लहानपणी बंडीच्या चाकाखाली आलेली, ती उचललेलीच पडते. बाबानं ते पाऊल पाहिलं. मान वर केली आणि गर्दीत मला शोधलं. मी मायच्या मागं होते. किती वेळ पाहिलं असेल त्यानं? मला तो आख्खा दिवस वाटला.

मग तो उठला, आणि उठता उठता त्याची वहाण त्या मातीवरून फिरली. एकदा, दोनदा. "काड्या जागच्या जागी हायेत," तो म्हणाला. "पोरीच्या मोजण्यात चूक झाली."

विजू त्याच्या पायाकडे पाहत होती. तिनं वहाण फिरताना पाहिली होती. मग तिनं थाळी उचलली आणि बाबापुढं धरली. बाबानं थाळीतला नारळ उचलला आणि माझ्यासमोर धरला. "घे शकू. तू फोड." शके नाही, शकू म्हणाला. मी बसक्या गोट्यावर नारळ आपटला आणि तो एका दणक्यात फुटला, पाणी माझ्या पायांवर उडालं, लोक "वा!" म्हणाले. आत स्वच्छ पांढरं खोबरं होतं. नासका निघाला असता तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी तिळगूळ वाटताना विजू माझ्यापुढं आली, माझ्या तळहातावर लाडू ठेवला आणि म्हणाली, "गोड बोल." तिसऱ्या दिवशी तिनं मायला सांगितलं की बिऱ्हाड लागलं असो नसो, मी जाते. बाबा तिला बंडीत बसवून घाटंजीच्या स्टँडवर घेऊन गेला. दिवस मावळता परत आला. मायनं विचारलं, "बसली का नीट?" तो म्हणाला, "बसवून देल्लं." आणि बैल सोडायला गेला.

मला वाटलं आता सगळं जागेवर येईल. मी पहाटे उठायला लागले, त्याच्या आधी. चहा करून ठेवायची, घोंगडी झटकून सपरीत ठेवायची. बाबा चहा प्यायचा आणि गोठ्यात जायचा. वावराकडे नाही. त्या हिवाळ्यात नाही, पुढच्या नाही, कधीच नाही. तूर सोंगायची वेळ तो बुवांना विचारायला लागला. मी एकदा धीर करून म्हटलंही, "बाबा, चाल ना गोट्यावर." तो म्हणाला, "गोटा गार लागते." ते माझंच वाक्य होतं, त्याच्या लक्षात असेल-नसेल. नारळ मात्र दर संक्रांतीला माझ्याच हातात द्यायचा. लग्न झाल्यावरही मी त्यासाठी माहेरी यायची, बाबा गेल्यावरही येत राहिले, अजून येते. मान मिळाला तो पुरेपूर मिळाला.

मागच्या डिसेंबरात शहरातून तीन पोरं आली, तिपाईवरची यंत्रं घेऊन. गोटाळी आता चुलतभावाचा मुलगा, माझा भाचा, पाहतो, त्यानं मला बोलावलं. त्यांच्यातली एक मुलगी फार नीट बोलायची. म्हणाली, आजी, ही लोखंडाच्या काळातल्या लोकांची पुरण्याची जागा असावी. त्यांनी सूर्य पाहून दगड मांडले असं आत्ताच म्हणता येणार नाही, एवढ्या दगडांत एखादा योगायोगानंही कुठंतरी लागतोच. आणि तेव्हा सूर्य आजच्यापेक्षा चार-पाच बोटं अजून दक्षिणेला निघत असणार. बाबा असता तर म्हणाला असता, लागते न, मंग झालं. तिनं असंही सांगितलं की फार पूर्वी संक्रांत आणि सूर्याचं फिरणं एकाच सुमाराला येत होतं, मग संक्रांत हळूहळू पुढं सरकली. म्हणजे बुवाही अगदीच खोटे नव्हते, फक्त त्यांना जरा उशीर झाला होता. मग तिनं विचारलं, इथं कुणी सूर्य पाहायची पद्धत होती का? मी म्हटलं, सांगते, पण आधी एकीला फोन करते.

विजू यवतमाळहून आली. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली आहे. इतक्या वर्षांत लग्नाकार्यात, मयतीला आम्ही भेटतच होतो, एकमेकींना साड्या नेसवत होतो, गोड बोलत होतो. बावीस तारखेच्या पहाटे भाच्यानं आमच्यासाठी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या बसक्या गोट्यामागं टाकल्या. दोघींचे गुडघे गेलेले. सूर्य कलत्या गोट्याच्या खांद्याला लागूनच वर आला. पोरं यंत्रांपाशी धावपळ करत होती. विजू चष्मा पुसत म्हणाली, "पाहिलं?"

मी म्हटलं, "विजू, त्या काड्या मी हलवल्या होत्या."

"माहीत आहे."

"पाऊल पाहिलं होतंस?"

"मी कुठं पाहणार? मामानंच सांगितलं, स्टँडवर." तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि अगदी बाबाच्या आवाजात म्हणाली, "'बेटा, तू खरी होती. सूर्य तू म्हनते तसाच फिरते. पन ते माही पोरगी हाय, तिले मी चारचौघांत खोटी कशी पाडू? तू समजदार हायेस, तुले सांगून राह्यलो.' असं म्हणाला."

आता खरं तर मला लाज वाटायला हवी होती. माझ्यासाठी तो माणूस गावासमोर खोटं बोलला आणि मग स्वतःच्या सूर्याकडे आयुष्यभर पाठ करून बसला. डोळे भरून यायला हवे होते. पण सत्तरी गाठलेल्या बाईनं खोटं कशाला लिहावं? माझा तोच जुना जळकेपणा जागा झाला. हे त्यानं हिला सांगितलं. माझ्याशी यातलं एक अक्षर मरेपर्यंत बोलला नाही, आणि हिच्याशी बोलला. समजदार म्हणाला. इतकी वर्षं त्या दोघांचं हे एक आपसातलं होतं, आणि मी आपली चुलीपाशी शेपूट ऐकत बसलेली.

"आणखी काय म्हणाला?" मी विचारलं.

"काही नाही गं. पेरू घेऊन दिले. एसटी सुटेस्तोवर खिडकीचा गज धरून उभा होता. सुटली तरी थोडं सोबत चालला, मग हात सोडला."

सूर्य गोट्यावरून चांगला वर आला होता आणि पोरं यंत्रं पेट्यांत भरत होती. माझी पाठवणी झाली त्या दिवशी गाडी सुटायच्या आधीच बाबा बैलांना पाणी पाजायला विहिरीवर निघून गेला होता. बापाला पोरीचं जाणं पाहवत नाही, असं तेव्हा सगळे म्हणाले, आणि मीही आजवर तसंच धरून चालले होते.